दूर देशचा मित्र आणि शेजारचे खाते

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत परदेशाहून आलेल्या पत्रास एक निराळा मान आहे, आणि त्यास कारणही तसेच आहे. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हापासून कित्येक पिढ्या शाळा, दवाखाने, पुस्तके आणि दुष्काळात धान्य ही समुद्रापलीकडून आलेल्या पत्रांच्या मागोमाग आपल्याकडे आली. ज्याचे तोंड कधी पाहिले नाही असा मनुष्य आपल्याकरिता प्रार्थना करतो व वर्गणी पाठवितो, हे आपल्या आजा-पणजांनी अनुभविले. म्हणून ‘मी लंडनहून लिहीत आहे’ असे कोणी म्हटले की आपल्या मनाचे दार अर्धे उघडते. त्याच अर्ध्या उघड्या दारातून हल्ली एक प्रकारचा चोर आत शिरत आहे. तो टपालाने पत्र धाडीत नाही. फेसबुकवर मैत्रीची विनंती पाठवितो, मग व्हॉट्सॲपवर बोलू लागतो, आणि प्रीतीच्या नावाखाली पैसा घेऊन जातो. त्यास कसे ओळखावे हा आजच्या पाठाचा विषय. उपदेशक बंधूंनी तो आठवड्याच्या सभेत वाचून दाखवावा. आणि विधवा भगिनी, मुले शहरात गेल्यामुळे एकटे राहिलेले वडीलधारे, व ज्यांचे लग्न लांबले आहे असे तरुण हे त्या दिवशी हजर राहतील असे पाहावे.

प्रथम घडलेली गोष्ट सांगतो. पुण्यात एका खाजगी कंपनीत वरिष्ठ हुद्द्यावर असलेल्या साठ वर्षांच्या एका बाईंस एप्रिल 2020 मध्ये समाजमाध्यमावर एका अनोळखी माणसाची मैत्रीची विनंती आली. तो ब्रिटनमध्ये राहतो असे सांगत होता. काही महिने गोड बोलणे झाले, विश्वास बसला. मग त्याने कळविले की तुमच्या वाढदिवसाची भेट म्हणून आयफोन पाठविला आहे. सप्टेंबरात दिल्लीच्या विमानतळावरील कस्टम खात्यातून म्हणून फोन आला. भेट सोडवावयाची तर शुल्क भरा. ते भरले. नंतर सांगण्यात आले की पार्सलात दागिने व परकीय चलन आहे, आणखी भरा. असे करता करता बाईंनी 207 वेळा पैसे पाठविले. ते 27 निरनिराळ्या बँकखात्यांत गेले. एकंदर रक्कम 4 कोटी रुपयांच्या घरात गेली. एप्रिल 2021 मध्ये ही हकीकत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली.

एवढी रक्कम आपल्यापाशी कोठून असणार, असे म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. चोर कोटीच पाहतो असे नाही; ज्याच्यापाशी जे आहे ते सगळे पाहतो. आपल्या देवळा तालुक्यात ते म्हणजे एका हंगामाच्या कांद्याची पट्टी, बचतगटाचे कर्ज, किंवा गळ्यातली सोन्याची पोत. पुण्याच्या बाईंची रक्कम विसरली तरी चालेल. पण 207 आणि 27 हे दोन आकडे ध्यानात धरावे. साऱ्या पाठाचे मर्म त्यांत आहे.

शिकल्यासवरलेल्या मनुष्याने 207 वेळा पैसे कसे पाठविले? उत्तर असे की त्याने 207 रकमांचा सौदा कधीच केलेला नसतो. प्रत्येक वेळी त्यास ‘एवढीच शेवटची रक्कम’ असे सांगितलेले असते. विहिरीस पाणी नाही म्हणून बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहा. दोनशे फुटांवर कोरडे लागले तर तो तेथेच थांबतो काय? थांबला तर दोनशे फुटांचा खर्च बुडाला हे कबूल करावे लागते. म्हणून आणखी पन्नास फूट, आणखी पन्नास. चोरास मनुष्याच्या मनाची ही रीत पक्की ठाऊक असते. पहिली रक्कम तो मुद्दाम लहान मागतो. ती एकदा हातची गेली की पुढच्या रकमा आपण त्या पहिलीला वाचविण्यासाठी भरीत जातो.

आता 27 चा आकडा. मित्र ब्रिटनमध्ये, पार्सल ब्रिटनहून, आणि पैसे मात्र हिंदुस्थानातील 27 खात्यांत! यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील गिबोनकरांची कथा आपणांस ठाऊक आहे. ते इस्राएलाच्या छावणीत आले तेव्हा त्यांच्या पायांत ठिगळे लावलेली जुनी पायतणे होती, द्राक्षारसाचे बुधले फाटलेले होते आणि शिदोरीची भाकर वाळून बुरसलेली होती. आम्ही फार दूर देशाहून आलो, असे त्यांनी सांगितले. इस्राएलाच्या लोकांस संशय आला नाही असे नाही. तुम्ही येथेच आसपास राहणारे नसाल कशावरून, असे त्यांनी विचारलेही. परंतु मग त्यांनी काय तपासले? त्या परक्यांनीच आणलेली भाकर तपासली आणि करार करून टाकला. तीन दिवसांनी कळले की हे शेजारीच आहेत; पुढच्या अध्यायात यहोशवा एका रात्रीच्या चालीने गिबोनास पोहोचतो. हल्लीच्या दूर देशच्या मित्राची बुरसलेली भाकर कोणती, ते एकेक करून पाहू.

पहिली, त्याचे चित्र. ते बहुधा एखाद्या खऱ्या डॉक्टराचे, सैनिकाचे किंवा बोटीवरील इंजिनिअराचे असते. त्या बिचाऱ्यास पत्ताही नसतो की आपला चेहरा कोठे कोठे प्रेम करीत हिंडत आहे. गूगल लेन्स नावाच्या साधनात ते चित्र घातले तर पुष्कळदा दुसऱ्याच नावाने सापडते. न सापडले म्हणून मात्र ते खरे ठरत नाही. दुसरी, त्याचा फोन क्रमांक. आरंभी अधिक चिन्ह व 44 हे आकडे दिसले की तो ब्रिटनचा क्रमांक, हे खरे; परंतु असा क्रमांक इंटरनेटवरून कोठेही बसून घेता येतो. तिसरी, कुरिअरची पावती व पार्सल कोठवर आले ते दाखविणारे संकेतस्थळ. चोर असली संकेतस्थळेही उभारतात. चौथी, समोरासमोरचे चित्रसंभाषण. पूर्वी असा मित्र कॅमेरा बिघडला म्हणून टाळाटाळ करी, आणि तीच त्याची खूण होती. आता संगणकाच्या साह्याने दुसऱ्याचा चेहरा व आवाज लावून बोलता येते, त्यामुळे ‘मी त्यास बोलताना पाहिले’ हाही पुरावा राहिला नाही. हे सारे त्यानेच आणलेले आहे. त्याच्याच शिदोरीतून त्याची परीक्षा होत नाही.

मग परीक्षा कशाने होते? जे त्याच्या हाती नाही त्याने होते, आणि तसली वस्तू मुख्यत्वे एकच आहे: पैसे कोणत्या खात्यात मागितले ते. लंडनचा डॉक्टर किंवा दिल्लीचे कस्टम खाते कोणा एका माणसाच्या बचतखात्यात पैसे भरावयास सांगत असेल, तर तेथेच उलगडा झाला. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने वारंवार जाहीर केले आहे की कस्टमचे अधिकारी फोन करून किंवा संदेश धाडून खाजगी खात्यात शुल्क मागत नाहीत. 8 नोव्हेंबर 2019 पासून त्या मंडळाच्या चौकशीच्या पत्रांवर ‘डिन’ नावाचा एक क्रमांक घालण्याची पद्धत सुरू झाली, आणि तो खरा की खोटा हे मंडळाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. टपालाने खरोखरच परदेशी पार्सल आले व त्यावर कर लागला, तर टपालखाते पार्सल हाती देतेवेळी पावतीनिशी तो घेते. वस्तू पाहण्यापूर्वी पैसे, हा सरकारी व्यवहार नव्हे.

कधी चोर पार्सल न धाडता स्वतःच निघतो. मी तुला भेटावयास मुंबईस आलो, जवळ पुष्कळ पौंड होते म्हणून विमानतळावर अडविले आहे, सोडवून घे, असा रडवेला फोन येतो व पाठीमागे एखादी बाई अधिकाऱ्याच्या आवाजात दरडावते. नियम साधा आहे. परदेशातून येणाऱ्याजवळ 5,000 डॉलरांहून अधिक किमतीच्या परकीय नोटा असतील तर त्याने त्या विमानतळावर लिहून जाहीर कराव्या लागतात. न केल्यास जाब त्याला विचारतात. देवळ्याच्या एखाद्या भगिनीने गूगल पेवर चाळीस हजार पाठवून तो सुटत नाही. कोणी ‘पैशाची अफरातफर’ किंवा ‘दहशतवाद’ असे शब्द उच्चारून तुम्हांसही अटक होईल अशी भीती घातली, तर समजावे की गोडीचे काम संपले व भयाचे सुरू झाले. प्रेम दाखविणारा आणि धमकावणारा हे एकाच टोळीचे दोन गडी असतात.

येथे आपल्या उपदेशक बंधूंस वेगळे सांगणे अवश्य आहे, कारण त्यांच्याकरिता या जाळ्याचा एक खास फासा विणलेला आहे. पत्र लिहिणारी बहुधा विधवा असते, आजारी असते, मृत्युशय्येवर असते. पती मोठा व्यापारी होता, मूलबाळ नाही, सर्व द्रव्य ईश्वराच्या कार्यास द्यावयाचे आहे, आणि प्रार्थनेत तुमचे नाव समोर आले, असे ती लिहिते. पुढे वकिलाची फी, मग बँकेचे शुल्क. मंडळीचे छप्पर गळत असताना असे पत्र वाचून कोणाचे मन पाघळणार नाही? म्हणून कायदा ध्यानात ठेवावा. संस्थेस परदेशी देणगी घ्यावयाची तर 2010 च्या विदेशी अंशदान विनियमन कायद्यान्वये नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच उतरते. खेड्यातील उपदेशकाच्या स्वतःच्या खात्यात मंडळीसाठी परदेशी लाखो रुपये येणे शक्य नाही, आणि आले तर तो अपराध होईल. तेव्हा त्या बाईच्या आजाराची चौकशी करण्याचीही गरज उरत नाही.

ही युक्ती नवी नाही हेही सांगून ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत लोकांस पत्रे येत की स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत गृहस्थ अडकला आहे, त्याच्यापाशी गुप्त धन आहे, सोडविण्यास थोडा पैसा द्या. पुष्कळदा त्या पत्रांत त्याची एक तरुण मुलगीही असे. कैदी नव्हता, धन नव्हते, मुलगीही नव्हती. पत्राच्या जागी फोन आला एवढाच फरक.

आपण व्यवहारात भोळे आहोत असेही नाही. उमराण्याच्या बाजारात ट्रॉलीतील वरचे कांदे पाहून कोणता व्यापारी बोली लावतो? तो हात घालून खालचा माल वर काढतो. कळवणची सोयरीक आली तर आपण काय करतो? मुलाच्या गावी जातो, त्याच्या आळीत विचारतो, घरात माणसे किती व शेतावर बोजा किती ते काढतो, त्या मंडळीच्या पाळकास चिठ्ठी लिहितो. वीस-पंचवीस किलोमीटरांवरच्या मुलाकरिता एवढा शोध, आणि सात समुद्रांपलीकडच्या माणसाकरिता काहीच नाही! आपल्या अनेक मंडळ्यांत विवाहापूर्वी उभयतांची नावे रविवारी सर्वांसमोर जाहीर करण्याची चाल आहे. कोणास हरकत असेल तर ती बाहेर यावी हाच तिचा हेतू. ज्याचे प्रेम खरे आहे तो परदेशी असला तरी त्यास या जाहीरपणाचे भय वाटत नाही; तो आपल्या मंडळीचे नाव देतो, आपण स्वतंत्रपणे पत्ता शोधून तेथील पाळकास लिहिले तर रागावत नाही, आणि येतो तेव्हा स्वतःच्या पैशाने येतो. परदेशी मनुष्याशी मैत्री किंवा विवाह होऊच नये असे आमचे म्हणणे नाही. खरी नाती जुळलेली आहेत. परंतु जो म्हणतो ‘आपले हे गुपित, घरी सांगू नको’, त्याने आपली जात स्वतःच सांगितली.

गुप्ततेची गोष्ट निघाली म्हणून मुंबईचे एक उदाहरण देतो. यात फसविणारे परदेशी नावही सांगत नव्हते. एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांची एप्रिल 2023 मध्ये फेसबुकवर एका स्त्रीशी ओळख झाली. पुढे निरनिराळ्या नावांच्या चार स्त्रिया त्यांच्याशी बोलू लागल्या. त्या चार होत्या की एकच होती, हाही प्रश्न आहे. मुलांचे आजारपण वगैरे सांगून सुमारे पावणेदोन वर्षांत 734 वेळा पैसे घेतले, एकंदर 9 कोटींच्या आसपास. जवळचे संपले तेव्हा त्यांनी सुनेकडून पैसे घेतले, नंतर मुलाकडे मागितले. मुलाने कशाला हवेत असे विचारले, आणि सर्व उघडकीस आले. ऑगस्ट 2025 मध्ये पोलिसांत गुन्हा दाखल झाला. 734 वेळा जे थांबले नाही ते घरच्या माणसाच्या एका साध्या प्रश्नाने थांबले. हा प्रश्न पावणेदोन वर्षे आधी विचारला जावा अशी मोकळीक आपल्या घरांत आहे काय? म्हातारा बाप रात्री उशिरा कोणाशी बोलतो हे विचारणे आपल्यास लाजिरवाणे वाटते, आणि एकट्या बाईने आपणांस कोणाशी बोलावेसे वाटते हे सांगणे त्याहून लाजिरवाणे. चोराचे सारे भांडवल ही लाज आहे.

आता शेजारच्या खात्याकडे वळू. पुण्याच्या प्रकरणातील 27 खाती कोणाची होती हे आपणांस ठाऊक नसो, परंतु अशी खाती कोठून मिळवितात हे ठाऊक आहे. गरीब किंवा बेकार तरुणास गाठून सांगतात, तुझ्या नावाने खाते काढ, पासबुक, एटीएम कार्ड व सिमकार्ड आम्हांस दे, काही हजार रुपये घे. किंवा खात्यात येईल ती रक्कम पुढे पाठव आणि टक्केवारी ठेव. आपल्या गावच्या मुलांस हे फुकटचे उत्पन्न वाटते. त्यांनी नीट समजून घ्यावे की त्या खात्यातून कोणा विधवेचा पैसा वाहतो, आणि पोलीस प्रथम ज्याच्या नावाचे खाते त्याच्याच दारी येतात. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाच्या साह्याने फसविल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद व 1 लाखापर्यंत दंड आहे. फसवणूक करून मालमत्ता घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 प्रमाणे 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जाणूनबुजून खाते भाड्याने देणारा यातून सुटेल असे समजू नये. बापाने मुलास या महिन्यात एकदा विचारावेच: तुझे एटीएम कार्ड कोठे आहे?

या प्रकारास अमुक देशाचे लोक कारण, असे म्हणून एखाद्या वंशाचा द्वेष करणे मात्र अन्यायाचे होईल. ही कामे करणाऱ्यांत आपले देशबांधवही आहेत, व त्यांतील कित्येक स्वतःच बंदिवान आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितले की म्यानमारात किमान 1,20,000 व कंबोडियात सुमारे 1,00,000 लोकांस जबरीने अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामास जुंपलेले असावे. थायलंडात संगणकाची चांगली नोकरी आहे असे सांगून त्यांस नेतात, पारपत्र काढून घेतात, आणि दिवसभर खोट्या नावाने प्रेमाची पत्रे लिहावयास बसवितात. मार्च 2025 मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी 500 हून अधिक भारतीयांस तेथून परत आणले. तेव्हा रात्री ‘झोपलीस का, प्रिये’ असे लिहिणारा हात कोणा मार खाल्लेल्या तरुणाचाही असेल. म्हणून पैसा द्यावा असे नव्हे. उलट पैसा थांबला तरच त्या कोठड्या ओस पडतील. आणि आपला मुलगा परदेशी नोकरीस निघाला असेल तर त्याचीही चौकशी सोयरिकीइतकीच करावी.

पैसे गेलेच तर काय करावे? वेळ दवडू नये. 1930 हा फोन क्रमांक केवळ अशाच तक्रारींकरिता आहे. त्यावर लागलीच कळविल्यास पैसा पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी बँक तो कधी कधी अडवू शकते. येथे तास मोजावे, दिवस नव्हेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. ज्यास लिहिता येत नाही त्याजबरोबर उपदेशकाने देवळ्याच्या पोलीस ठाण्यात जावे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ एवढ्यावर परत फिरू नये. संदेश, चित्रे, क्रमांक यांतील काहीही पुसू नये. पुष्कळ जण लाजेने सर्व पुसून टाकतात आणि पुरावाच नाहीसा होतो. पैसे पाठविल्याचा व्यवहार क्रमांक कागदावर उतरून घ्यावा. चोराने खाजगी चित्रे मिळविली असतील व ती पसरविण्याची धमकी देत असेल, तर त्याचे तोंड पैशाने बंद होत नाही, अधिक उघडते. तीही तक्रार याच क्रमांकावर होते.

फसलेला मनुष्य मंडळीत येईल तेव्हा त्याच्याशी कसे वागावे, हे या पाठातील सर्वांत कठीण कलम आहे. त्याची दोन हानी झालेली असतात. पैसा गेलेला असतो. आणि ज्या माणसाशी तो महिनोन् महिने सुखदुःख बोलला तो माणूसही मेला आहे, किंबहुना कधी नव्हताच. या दुसऱ्या हानीकरिता कोणी समाचारास येत नाही. ‘एवढे कसे कळले नाही’ हा प्रश्न त्याने स्वतःस शेकडो वेळा विचारलेला असतो. आपण तो पुन्हा विचारू नये. पहिले काही दिवस त्यास एकटे सोडू नये, त्याची कहाणी दुसऱ्या घरी नेऊ नये, आणि त्याच्या फोनमध्ये तो मित्र अजून लिहीत असेल तर ते संदेश घरच्या कोणीतरी त्याच्याजवळ बसून पाहावे. कारण ज्याने एकदा दिले त्याचे नाव या टोळ्यांच्या यादीत राहते. थोड्याच दिवसांत कोणी वकील, कोणी सायबर अधिकारी म्हणून फोन करील आणि सांगेल, तुमचा गेलेला सर्व पैसा आम्ही परत मिळवून देतो, फक्त नोंदणीचे पाच हजार भरा. त्यालाही तेच विचारावे: कोणत्या खात्यात?